उलटे हँगर

घरात माणसं चार, सासू, सासरे, मुलगा आणि सून, पण कपाट एक. त्यात दांडीही एकच. रोज सकाळी एकाने शर्ट ओढावा आणि दुसऱ्याचा कोट त्याच्या डोक्यावर पडावा, असा तमाशा. शेवटी सुनेनेच ते मनावर घेतलं. ती यंत्रांच्या सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर होती. हजारो नटबोल्ट जिच्या शब्दाबाहेर नाहीत, तिला चार माणसांचे कपडे म्हणजे किस झाड की पत्ती!

एका रविवारी तिने दांडीवर खडूने चौघांचे भाग पाडले आणि सगळे हँगर उलटे टांगले, आकड्यांची तोंडं बाहेर.

"कपडा घातला की परत टांगताना आकडा सुलटा करायचा," ती म्हणाली. "सहा महिन्यांनी जो उलटाच दिसेल तो घराबाहेर. गोदामातही आमचं हेच. सहा महिने हलला नाही, तो मेलेला माल."

"वा, सूनबाई!" सासरे म्हणाले. "आणि नियम सगळ्यांना सारखा बरं का! कुणाची गय नाही."

सासऱ्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणायची. चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवलेला माणूस. बायको त्यांची, म्हणून ती मास्तरीण. मास्तरांना उगाच मोठेपणाने बोलायची खोड, आणि ती कधी ना कधी अंगाशी येणार हे मास्तरीण पहिल्यापासून सांगत आलेली.

महिनाभरातच मास्तरीण न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, जखम चिघळली, पुन्हा ऑपरेशन. आज सोडतो, उद्या सोडतो करत इस्पितळातल्या खाटेवर चार महिने गेले. घरी ती घडीच्या दोन साड्यांवरच असायची, त्यामुळे इकडे कपाटात तिचे अकरा हँगर पहिल्यापासून उलटेच्या उलटे. एका दुपारी मास्तरांनी सहज कपाट उघडलं, ते अकरा आकडे आपल्याकडे बघताना दिसले आणि त्यांनी दार धाडकन लावून टाकलं.

कारण हे त्यांनी एकदा पाहिलं होतं. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं तेव्हा त्यांची आई आजारी होऊन इस्पितळात पडली. नव्या सुनेने, म्हणजे याच मास्तरणीने, चांगल्या मनाने घर आवरलं. सासूचे जुने विटके कपडे गाठोड्यात बांधून देऊन टाकले. आई घरी आली की नवे शिवू, एवढंच ती म्हणाली होती. गाठोडं सकाळी गेलं आणि संध्याकाळी आई गेली. मास्तर बायकोला एका शब्दाने बोलले नाहीत, तीही कधी बोलली नाही. पण कपडे आधी जातात आणि मागोमाग माणूस, हे दोघांच्याही काळजात रुतून बसलं ते बसलंच.

मग सुनेला सरळ सांगायचं ना, की बाई, तुझ्या सासूचे कपडे तेवढे सोड! छे. सांगायचं म्हणजे भीती तोंडाने बोलायची, आणि बोललेलं खरं होतं असं मास्तरांना वाटे. शिवाय नियम सगळ्यांना सारखा, हे कोण गरजलं होतं?

त्यांनी आपली युक्ती काढली. दर दोन-तीन दिवसांनी मास्तरणीचा एक कपडा पिशवीत घालून इस्पितळात न्यायचा, तिच्या खांद्यावर घटकाभर टाकायचा, घरी आणून सुलटा टांगायचा. आधी फुलाफुलांचा झगा, मग राखाडी स्वेटर.

"आईंचे कपडे कुठे नेता बाबा?" सुनेने विचारलं.

"ती मागते. माल हलला की नाही? मग झालं तर!"

सून हसली. नर्स हसली. मास्तरीण मात्र हसली नाही. हिरवा कोट खांद्यावर पडला तशी तिने नवऱ्याकडे टक लावून पाहिलं.

"हे काय आरंभलंय तुम्ही?"

"तुला थंडी वाजते म्हणून आणला."

"चाळीस वर्षं झाली, पण खोटं काही बोलता येईना तुम्हाला," ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

मास्तर स्वतः पहिल्यापासूनच दोन शर्टांवर दिवस काढत होते. एक धुवायचा, एक घालायचा. सवयच अशी की दोन्ही दारामागच्या खुंटीवरच असायचे, कपाटात जायचेच नाहीत. लोकांचे कपडे बेतण्यात जन्म गेला, स्वतःच्या अंगावर काय आहे हे या माणसाने कधी पाहिलंय?

सहा महिने भरले तो रविवार. अकरावा हँगर मास्तरांनी शुक्रवारीच सुलटा केला होता, त्यामुळे ते निर्धास्त मनाने इस्पितळात गेले. डॉक्टर म्हणाले, उद्या घरी न्या. मास्तरांना आकाश ठेंगणं झालं. जिना चढताना डावा खांदा भरून आला, दोनदा थांबावं लागलं. त्यांनी तो दोष पिशवीच्या माथी मारला आणि घरात शिरल्या शिरल्या कपाट उघडलं.

अकराच्या अकरा कपडे जागेवर होते, चांगले ऐसपैस टांगलेले. शेजारचा भाग मोकळा. नुसती दांडी आणि खडूची रेघ.

"बाबा," मागून सून म्हणाली, "तुमचा एकही हँगर हलला नव्हता. मी दोनदा पाहिलं. वाटलं, तुम्हाला ते नकोच असतील. जुने कपडे नेणारी गाडी सकाळीच येऊन गेली." मास्तरांचा चेहरा पाहून तिचा आवाज उतरला. "चुकलं का माझं? मी विचारायला हवं होतं हो. उद्याच नवे आणू."

मास्तरांना आधी हसूच आलं. बायकोचे अकरा आकडे राखता राखता स्वतःचे साफ विसरलो, काय पण अक्कल! मग हसू तोंडातच राहिलं. ते पलंगाच्या कडेवर टेकले. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. नवे आणू, असंच त्या वेळीही कुणीतरी म्हणालं होतं. त्यांना भीती वाटली, अगदी लहान मुलासारखी वाटली.

सून घाबरून पाणी घेऊन आली. पाणी पिताना त्यांच्या मनात आलं, मास्तरीण तर येतेय ना. ती येतेय.

"जाऊ दे गं," ते म्हणाले. "तुझं काही चुकलं नाही. तिला मात्र काही बोलू नकोस."

सोमवारी दुपारी मुलाने आईला खुर्चीत बसवून वर आणलं. मास्तरणीने घरभर नजर फिरवली. स्वयंपाकघर बघितलं, खिडकीतल्या कुंड्या कुणी वाळवल्या म्हणून मुलाला झापलं, आणि सगळ्यांना हायसं वाटलं. मास्तर सकाळपासून डावा हात चोळत होते. आल्या दिवशी तिला डॉक्टरांची भानगड नको, म्हणून गप्प होते.

"अहो, शाल द्या जरा," ती म्हणाली. मास्तर उठायच्या आत सुनेने सवयीने कपाटाची दोन्ही दारं सताड उघडली.

मास्तरणीने आपले कपडे बघितले. मग शेजारची दांडी बघितली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"यांचे कपडे कुठायत?"

सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं. "गाडीवाला घेऊन गेला, आई. काल. सहा महिने हलले नव्हते म्हणून..."

"परत आण."

"आई, आता कुठून..."

"माझे काढ मग! माझे टाक सगळे!" तिने खुर्चीतूनच हात लांबवून हिरवा कोट ओढला, हँगर खाली पडला. "कुणी सांगितलं होतं माझे राखायला? अहो, तुमचे कुठायत?"

"हे काय, अंगावर आहेत की," मास्तर म्हणाले. त्यांना ते गमतीत म्हणायचं होतं, पण त्यांना धाप लागली होती आणि कपाळावर घाम आला होता.

तिने कोट टाकला. नवऱ्याच्या शर्टाची डावी बाही मुठीत पकडली आणि मुलाला ओरडून सांगितलं, डॉक्टरला बोलाव, आत्ता. मुलगा जिन्यावरून धावत सुटला. मास्तर खाली बसले, मग आडवे झाले. तीही खुर्चीतून त्यांच्याबरोबर खाली ओढली गेली, मोडक्या खुब्यावर, पण बाही तिने सोडली नाही. डॉक्टर आले, वाकले, बराच वेळ छातीला कान लावून राहिले आणि मग हलकेच म्हणाले की आता सोडा. तरी तिने सोडली नाही.