अठ्ठावन्न किलो

आमच्या बेटावरचं विमान बारा खुर्च्यांचं. सकाळी शहरात जातं, दुपारी परत येतं. कंपनीची इथली माणसं तीनच: सामान चढवणारा, इंधन भरणारा आणि काउंटरवर मी. तिकीट मीच देते, पट्टा कसा लावायचा ते मीच दाखवते, आणि वारा वाढला की "आज उड्डाण नाही" असं सांगून लोकांची बोलणीही मीच खाते.

टेलरमास्तर आणि त्यांची बायको पहिल्यांदा आले तेव्हा दोघंही कधी विमानात बसलेले नव्हते. बायकोला सगळं बेट वहिनी म्हणायचं. त्यांना दर महिन्याला शहरातल्या इस्पितळात जायचं होतं. सलाईनमधून औषध घ्यायचं, दोन दिवस बहिणीकडे राहायचं आणि परत यायचं. बोटीला नऊ तास लागतात, ते त्यांना झेपणार नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

नव्या प्रवाशांना सांगते ते सगळं मी त्यांना सांगितलं. टणक पेटी आणू नका, मऊ पिशवी आणा, ती कुठेही कोंबता येते. पोटात ढवळलं तर खाली बघू नका, लांब बघा. परतीची तारीख तिकिटावर असली तरी एक दिवस हाताशी ठेवा, वाऱ्याचा काही नेम नाही. आणि खुर्ची निवडता येत नाही. आम्ही प्रत्येकाचं वजन करतो, मग कुणी कुठे बसायचं ते वैमानिक ठरवतो. हलकी माणसं पुढे, भारी मागे.

"म्हणजे मला काट्यावर चढवणार?" वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "बटाट्याचं पोतं आहे का मी?"

"चढ गं," मास्तर हसत म्हणाले, "ताईंना उशीर होतोय."

"अठ्ठावन्न," मी म्हटलं. आकडा मोठ्याने बोलायची मला सवय होती. बोलून लिहिला की चुकत नाही.

पुढच्या महिन्यात पंचावन्न भरलं. मी आकडा बोलले तेव्हा मास्तर खिडकीतून धावपट्टीकडे बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

तिसऱ्या खेपेला मास्तर पिशवी सामानाच्या गाडीवर ठेवायला गेले, तेवढ्यात वहिनी काउंटरवर वाकल्या.

"ताई, एक काम कराल? आकडा बोलायचा झाला तर अठ्ठावन्नच बोला. कागदावर खरं काय ते लिहा, विमानाशी खोटं नको. पण यांच्या कानावर नको. आधीच झोप उडालीय त्यांची."

नाही म्हणायला हवं होतं. पण त्या काउंटरच्या काठाला धरून उभ्या होत्या, बोटं पांढरी पडली होती, आणि मास्तर परत येत होते. त्या काट्यावर चढल्या. आकडा फक्त माझ्या बाजूने दिसतो; बावन्न होते. "अठ्ठावन्न," मी म्हणाले.

"बघा," वहिनी मास्तरांना म्हणाल्या, "औषध लागू पडतंय."

"पडणारच," मास्तर म्हणाले.

त्यानंतर दर महिन्याला मी अठ्ठावन्न बोलले आणि एकोणपन्नास लिहिले, सत्तेचाळीस लिहिले. मास्तर दर वेळी मान डोलवायचे. एकदा तर मला म्हणाले, "ताई, तुमचा काटा चांगला आहे हो." मी खाली बघून शिक्का मारला.

सातव्या खेपेला वारा सुटला. दोन दिवस विमान उडालं नाही. वहिनींना घरी जा म्हटलं तर म्हणाल्या, "घरी जाऊन परत यायचं म्हणजे दोनदा दमायचं." दिवसभर त्या आमच्या बाकावर पडून असायच्या आणि मास्तर पायांशी बसून त्यांचे तळवे चोळायचे. तिसऱ्या दिवशी वारा पडला. काट्यावर त्रेचाळीस आले. वैमानिकाने कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "यांना माझ्या शेजारी बसवा."

"वैमानिकाशेजारी!" वहिनींचा चेहरा फुलला. "अहो, घट्ट धरून बसा मागे, आज मी चालवणार आहे."

विमानातले सगळे हसले. वहिनींना सगळ्यात पुढे का बसवलं, हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला कळलं होतं. वहिनींनी काचेतून मला हात केला. ते त्यांचं शेवटचं दर्शन. पाचव्या दिवशी इस्पितळात त्या गेल्या. अंत्यसंस्कार बहिणीने तिकडेच उरकून घेतले.

तीन आठवड्यांनी मास्तर दुपारच्या विमानाने परत आले. बाकीचे प्रवासी निघून गेले तरी ते बाकावर बसून राहिले. मी पाण्याचा पेला घेऊन गेले.

"ताई, तुमचे आभार मानायचे होते," ते म्हणाले. "तुम्ही तिचं मन राखलंत."

"कसलं मन, मास्तर?"

"अठ्ठावन्न म्हणायचात ते. अहो, तिचे कपडे मी शिवतो. महिन्यातून दोनदा शिवण आत घ्यावी लागत होती. ती दुपारी पडली की घ्यायचो, म्हणजे कपडे ढगळ झालेत हे तिला कळू नये. तुम्ही आकडा बोललात की मला वाटायचं, चला, अजून एक महिना तिला कळणार नाही."

मला गप्प बसता आलं असतं. पण इतके महिने खोटं बोलून मी कंटाळले होते.

"मास्तर, ते वहिनींनीच सांगितलं होतं मला. तुम्हाला कळू नये म्हणून."

त्यांनी पेला खाली ठेवला. मग हाताची बोटं एकमेकांवर घासली. सुईने टोचून टोचून ती बोटं खरखरीत झाली होती.

"म्हणजे तिला माहीत होतं."

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"एकाच खोलीत राहत होतो आम्ही," ते म्हणाले. "भीती वाटते का, एवढंसुद्धा मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला कळलं असतं ना. आणि ती विनोद करत बसली. मीही हसत बसलो."

तिसऱ्या खेपेला माझ्या तोंडातून बावन्न निघालं असतं, तर दोघंही तिथेच रडले असते, आणि मग निदान एकमेकांशी बोलले असते. मी दया केली असं मला वाटत होतं. माझ्या दयेने त्यांचे चार-पाच महिने गिळले.

"माझी चूक झाली, मास्तर."

"तुमची एकटीची कशी? आम्ही तिघांनी मिळून केली." ते उठायला गेले आणि परत बसले. "घरी जायचं कसं, तेच सुचत नाहीये. रस्ता माहीत आहे हो. पण कुलूप मी कधी उघडलेलंच नाही. ती असायचीच घरात. शहरातून आलो तरी तीच उघडायची."

सामानवाल्याला काउंटर बंद करायला सांगून मी त्यांच्याबरोबर निघाले. त्यांची मऊ पिशवी मी घेतली. चढावर ते दोनदा थांबले. दुकानाच्या मागेच त्यांची खोली. कुलूप मी उघडलं, खिडक्या उघडल्या, स्टोव्ह पेटवून चहा ठेवला. शिवणयंत्रावर धुळीचा थर होता, तो मी पुसायला गेले तर ते म्हणाले, "राहू द्या. बसा जरा."

मी बसले. मग ते बोलू लागले. पहिल्यांदा ताप कधी आला, डॉक्टर काय म्हणाले, इस्पितळाच्या पायरीवर ती कशी एकदा मटकन बसली आणि चप्पल तुटली असं म्हणाली. चहा निवून गेला. अंधार पडायला लागला तेव्हा शेजारीण भाकरी घेऊन आली आणि तीही दारातच बसून ऐकू लागली.