तूर्त पित्याकडे

मित्रा विहाराच्या आवारात शिरली. तिनं दोन्ही रिबिनी सोडल्या, वेण्या मोकळ्या केल्या आणि आईकडं पाठ करून धोंड्यावर बसली. मान खाली घातली. डोळे गच्च मिटले. फेस डोळ्यांत जाऊ नये म्हणून पाणी पडायच्या आधीच ती डोळे मिटून घ्यायची.

पाणी पडलं नाही.

"आई, वत की."

पंचशीला डब्याशेजारी उकिडवी बसून होती. पंधरा लिटरचा तेलाचा डबा, तोंडाला फडकं बांधलेलं. अर्धापूरहून पहाटेच्या पहिल्या गाडीनं निघून, नांदेडला गाडी बदलून, तो तिनं इथवर लातूरला आणला होता. अहमदपूरच्या स्टँडवर कंडक्टरनं विचारलं होतं, "काय बाई, लातूरला टँकर घेऊन चालल्या का स्वतःचा?" सगळी गाडी हसली होती. तीही हसली होती. अर्धापूरला केळीच्या बागा होत्या, बागांना कालव्याचं पाणी होतं आणि त्या बागांत रोजानं जाणाऱ्या बाईला एक डबा भरून घ्यायला कुणी हटकत नव्हतं. लातूरला मात्र नवा जिल्हा झाला होता. कचेरी झाली, कलेक्टरचा बंगला झाला, नव्या वस्तीत नळ बसले. नळाला पाणी तेवढं यायचं राहिलं होतं.

"आज नको," पंचशीला म्हणाली.

"का?"

"सर्दी होईल तुला."

"उन्हाळ्यात?"

सात वर्षांच्या पोरीला उन्हाळा कळत होता. पंचशीलानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

दीड वर्ष झालं होतं. भुजंगनं फारकतीचा दावा लावला तेव्हा मित्राला पाच वर्षं पुरी होऊन चार महिने झाले होते. पाचाच्या आतलं लेकरू शक्यतो आईकडं राहतं, असा कायदा. भुजंग कचेरीत कारकून होता, त्याला कायदा बरोबर कळत होता. पाचवा वाढदिवस होईस्तोवर तो गप्प राहिला आणि मग कागद धाडला. बापाला सरकारी नोकरी, आई भावाच्या घरात राहून रोजानं जाणारी. दाव्याचा निकाल लागेपर्यंत मुलगी तूर्त पित्याकडे. आईनं महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी, अकरा ते चार, तिऱ्हाईत जागी भेटावं. तिऱ्हाईत जागा म्हणून हे विहाराचं आवार ठरलं.

तूर्त हा शब्द ज्यानं काढला त्याचं लेकरू कधी कुणी नेलं नसणार. कोर्टात भाडेकरू तूर्त राहतो, बांधावरचं झाड तूर्त तोडत नाहीत, तशी मित्रा तूर्त बापाकडं होती. दर तीन महिन्यांनी तारीख पडायची. न्यायाधीश साहेब पोरीला समोर बोलवायचे, वरून खाली बघायचे, शाळा विचारायचे आणि लिहायचे : मुलीची निगा योग्य राखली जाते, आदेश कायम.

मागच्या तारखेला वकील किशनरावांनी पंचशीलाला कोर्टाच्या व्हरांड्यात बाजूला घेतलं होतं.

"ताई, तारीख कोणत्या वारी असते?"

"सोमवारी."

"अन् आदल्या दिवशी?"

"रविवार. भेटीचा."

"आदल्या दिवशी तुम्ही पोरीला न्हाऊ घालता. उवा काढता, तेल लावता, दोन वेण्या घालता. सोमवारी साहेब बघतात, पोरगी कशी लख्ख. कुणी केली लख्ख? तुम्ही. नाव कुणाचं झालं? भुजंगचं. तीन तारखा तुम्ही तुमच्याच हातानं त्याला जिंकून दिल्या, बाई."

किशनरावांनी पिशवीतून कोरा कागद काढला.

"त्या घरी पंधरा-पंधरा दिवस पोरीच्या डोक्यावर पाण्याचा थेंब पडत नाही. ते साहेबांना दिसू द्या. डोक्यात उवा चालताना दिसू द्या. मी अर्ज लिहून ठेवतो, मुलीची हेळसांड, ताबा आईकडं द्यावा. एक रविवार फक्त हात आवरा."

उद्या सोमवार होता. उद्या तारीख होती.

हात आवरायचेत हे माहीत असूनही तिनं पहाटे डबा भरला होता. का भरला, ते तिला सांगता आलं नसतं.

"मग उवा तरी काढ," मित्रा म्हणाली. "आजी म्हनती, तुझी माय यील अन् काढंल."

"आज ऱ्हाऊ दे तसंच."

मित्रा वळली. केस तोंडावर आले होते, चिकट, मातीच्या रंगाचे. कानामागं खाजवून खाजवून लाल झालं होतं. तिनं आईच्या तोंडाकडं बघितलं, मग मांड्यांखाली दाबलेल्या हातांकडं.

"हात दुखून राहिला का तुझा? डबा उचलून?"



"हाव."

"आधी सांगायचं की मग." मित्रा धोंड्यावरून उठून आईशेजारी बसली, तिचा उजवा हात ओढून मांडीवर घेतला आणि मनगटापासून कोपरापर्यंत दाबू लागली. आजीचे पाय दाबत असणार, सवयीचं होतं. मधेच एका हातानं डोकं कराकरा खाजवायची, पुन्हा दाबायला लागायची.

"बरं वाटतंय का?"

"हाव, बाई."

"आता धुशील?"

पंचशीलानं केळ सोलून तिच्या हातात दिलं.

दुपारभर त्या दोघी भिंतीच्या सावलीबरोबर सरकत राहिल्या. मित्रानं शाळेतली कविता म्हणून दाखवली. धपाटं खाल्लं. आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती झोपली, तेव्हा पंचशीलाला तिच्या भांगातून एक ऊ चालत जाताना दिसली. तिनं अंगठ्याचं नख पुढं केलं. मग मूठ मिटली आणि ती तशीच मिटून बसली.

चार वाजता सासू आली. धुरपताबाई उन्हातून चालत आली होती, लुगड्याचा पदर डोक्यावर, ओठ फुटलेले. तिनं आधी नातीचं डोकं बघितलं. मग डबा बघितला.

"धुतलं न्हाई?"

पंचशीला मित्राच्या रिबिनी गोळा करू लागली.

"भरलेला हाय की डबा. मग?" तिनं फडक्याला हात लावून बघितला. ओलं होतं. "बरं, दे. घरी नेऊन मीच घालते न्हाऊ. टँकर दोन दिस आला न्हाई. परवा आला तर बायांनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या. दे, डब्बा पुढच्या बारीला देते तुझा."

घरी न्हाऊ घातलं तरी उद्या पोरगी लख्खच. पंचशीलानं उभं राहून फडकं सोडलं. डबा तिनं दोन्ही हातांनी उचलला, तेव्हा धुरपताबाईनं घ्यायला हात पुढं केले. पंचशीलानं डबा कलंडवला.

पंधरा लिटर पाणी धोंड्यापाशी भसाभसा सांडलं. मातीनं ते बघता बघता ओढून घेतलं.

"अगं ये!" धुरपताबाई मटकन खाली बसली, दोन्ही हातांची ओंजळ धारेखाली धरली. हाती आलं तेवढं तिनं नातीच्या तोंडावरून फिरवलं, पदराचं टोक ओलं करून मानेवरून पुसलं. "माजली गं तू! लेकरापेक्षा राग मोठा झाला तुला? अगं, माझ्यावर वतायचं होतंस, तोंडावर थुंकायचं होतंस माझ्या. पानी का सांडलंस?"

मित्रा रडत नव्हती. ओल्या मातीत पायाचे अंगठे रोवून ती उभी होती. आजीनं दंडाला धरून चालवलं, तेव्हा ती चालायला लागली.

पंचशीलानं ती रात्र विहारातच, पाखडायला घेतलेल्या धान्यासारखी, इकडून तिकडं होत काढली. सकाळी ती सगळ्यांच्या आधी कोर्टात जाऊन बसली. किशनराव आले, पिशवीतला अर्ज दाखवला, मान हलवली.

साडेअकराला भुजंग आला. मागं धुरपताबाई. तिचं बोट धरून मित्रा.

पंचशीलानं आधी तिला ओळखलंच नाही. डोक्याचा पुरा गोटा केला होता. वस्तऱ्याची एक चीर कानाच्या वर दिसत होती, तिला हळद लावलेली. डोकं केवढंसं दिसत होतं. कान मोठे.

पुकारा झाला. साहेबांनी पोरीला जवळ बोलावलं, वरून खाली बघितलं.

"उन्हाळ्यामुळं काढले का केस?"

"होय साहेब," भुजंग म्हणाला. "पाण्याची टंचाई. उवा होऊ नयेत म्हणून."

"बरं केलंत."

किशनराव उठले, हेळसांड म्हणाले, आईच्या मायेची गरज म्हणाले. साहेबांनी अर्ज ठेवून घेतला. पुढच्या तारखेला बघू. तोवर मुलगी तूर्त पित्याकडे. सगळं मिळून बसचं तिकीट फाडायला लागतो तेवढा वेळ लागला.

व्हरांड्यात धुरपताबाई खांबाला टेकून उभी होती. पंचशीला समोर गेली. भांडायलाच गेली होती.

"काय करायचं होतं मी?" म्हातारीच आधी बोलली. आवाज चढलेला नव्हता. "खाजवून खाजवून रक्त काढलं पोरीनं. माय का धुईना, माय का धुईना, एवढंच धरून बसली. म्हनून उजाडताच न्हाव्याला आनलं. मला काय हौस होती? तुझ्या हातच्या वेण्या मला बी बऱ्या दिसायच्या."



मित्रा पंचशीलाजवळ आली. एक हात डोक्यावरून मागं पुढं फिरवत होती, नवीन खेळणं मिळाल्यासारखी.

"आई, आता खाजत न्हाई. एकबी ऊ न्हाई."

"हाव?"

"आता धुवायलाबी लागत न्हाई. आजी म्हनली, दसऱ्यापर्यंत केस येतात पुन्हा. मग तू दसऱ्यालाच ये."

"मी येणार हाय, बाळा. चौथ्या रविवारी. येतेच."

"कशाला पन?" मित्रानं विचारलं. रुसून नव्हे. तिला खरंच कळत नव्हतं.

पंचशीला तिच्यासमोर खाली बसली. आतून पुढच्या दाव्याची नावं पुकारली जात होती, भुजंग पायरीवरून हाका मारत होता. तिनं दोन्ही तळवे पोरीच्या डोक्यावर टेकवले. कडेकडेनं, ती चीर चुकवत, कपाळापासून मानेपर्यंत सावकाश फिरवले. पुन्हा कपाळापासून.

"गुदगुल्या व्हतात," मित्रा म्हणाली.

पण तिनं मान खाली घातली आणि डोळे गच्च मिटून घेतले.