उंबरठ्यापर्यंत

तिने संगणकाच्या पडद्यावरच्या खुर्चीचा एक पाय किंचित आखूड केला, मान तिरकी करून पाहिलं आणि मगच चहाच्या कपाला हात लावला. चहा केव्हाच गार झाला होता.

"वहिनी, खुर्ची बघूनच अंगावर काटा आला," मागून आवाजवाला म्हणाला. "आमच्या जुन्या ऑफिसात अशाच होत्या. म्हणून तर नोकरी सोडली मी."

"नोकरीने तुला सोडलं," तिचा नवरा मान वर न करता म्हणाला.

मागच्या खोलीत तिघं मिळून एक भयखेळ बनवत होते. मूल गेलेली एक आई, आणि करू नये असा एक विधी. खेळणाऱ्याने ती आई व्हायचं. गोष्ट नवऱ्याची, खोल्या हिने रंगवायच्या, आणि दारांची करकर, नळाची टिपटिप हे नवऱ्याच्या मित्राचं काम. सगळेच त्याला आवाजवाला म्हणत. पहिले भाग लोकांनी खेळून पाहिले होते, घाबरले होते, कौतुकही केलं होतं. शेवटचा भाग, म्हणजे प्रत्यक्ष विधीचा, नवऱ्याने एकट्याने लिहिला होता. आज तो तिने पहिल्यांदा खेळून पाहायचा होता.

ठकूला जाऊन वर्ष उलटलं होतं. तापाचं निमित्त झालं आणि पोर हातची गेली. त्यानंतर काही महिन्यांनी नवरा म्हणाला होता, हातांना काम नसेल तर मला वेड लागेल. ती हो म्हणाली. एकच अट घातली, ठकूचं काही घ्यायचं नाही. तिचे कपडे नाहीत, तिचं हसणं नाही. त्याने शब्द पाळला होता. खेळातलं मूल मुलगा होता, कुरळ्या केसांचा, मुखदुर्बळ. ठकूच्या तोंडाला तर दिवसभर खळ नसायचा.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"जेवणं निवली सगळी. तुमच्या त्या भुतांना तरी सांगा, या म्हणावं जेवायला. घरातली माणसं काही येत नाहीत."

बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. गेलेल्या माणसाला ताट मांडून नावाने हाक मारायची नसते, त्याची पुढची वाट अडते, असं त्याच सांगत आल्या होत्या. नवऱ्याचं लहानपण ती गोष्ट ऐकण्यात गेलं होतं. लग्न करून आल्यावर हिनेही ऐकली होती. पुटपुटत देवाचं नाव घेत त्या आत वळल्या.

"येतोच," ती म्हणाली आणि तिने खेळ सुरू केला.

पडद्यावर स्वयंपाकघर उजळलं. खाली अक्षरं उमटली. ताट मांड. पाणी ठेव. रिकामी खुर्ची ओढ. तिच्याकडे आणि दाराकडे पाठ करून बस. काही झालं तरी मागे बघू नकोस. सगळं सासूबाईंच्या गोष्टीतलंच होतं. ती एकेक करत गेली. मग पुढची ओळ आली.

उजव्या पायातली चप्पल काढ. एक पाय अनवाणी हवा.

तिचं बोट तिथेच राहिलं.

हे गोष्टीत नव्हतं. हे कुठेच नव्हतं. ठकू गेल्यावर एका दुपारी, सासूबाई नणंदेकडे गेलेल्या असताना, तिने ते न करायचं केलं होतं. नवरा बाहेर आहे असं धरून. खुर्ची ओढताना तिच्या उजव्या चपलेचा पट्टा तुटला होता. ती चप्पल तिने पायानेच टेबलाखाली सारली आणि तशीच बसली. त्याला काही अर्थ नव्हता. चप्पल जुनी होती, इतकंच.

मग तिने हाका मारल्या होत्या. आणि स्वयंपाकघराबाहेरच्या बोळातून पावलं आली होती. हलकी, जपून टाकलेली. उंबरठ्यापर्यंत येऊन थांबली. कुणीतरी श्वास धरून उभं आहे हे तिला पाठीला कळत होतं. ती वळली नाही. वळायचं नसतं. बऱ्याच वेळाने पाहिलं तेव्हा दार रिकामं होतं.

हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. रोज सकाळी देवापुढे बसायचा तिचा नेम होता. तो ठकूच्या आजारातही चुकला नव्हता, आणि त्या दुपारनंतरही चुकला नाही. फक्त तेव्हापासून तिने काही मागितलं नव्हतं. जे मागायचं होतं ते येऊन गेलं होतं. एवढ्यावर ती उठत होती, जेवत होती, खुर्च्यांचे पाय आखूड करत होती.

"हे चपलेचं कुठून आणलंस?" तिने विचारलं.

"आईच्या गोष्टीतलंच आहे की."

"नाहीये."

नवऱ्याची बोटं कळफलकावर थबकली. आवाजवाल्याने दोघांकडे पाहिलं. "मी जेवणाचं बघतो," म्हणून तो उठला आणि जाताना दार ओढून घेतलं.

"तू घरात होतास," ती म्हणाली.

"लवकर आलो होतो. कुलूप उघडून आत शिरतोय तर तुझा आवाज आला. तिला हाक मारत होतीस." त्याने डोळे चोळले. "बूट काढले आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलो."

"आत का नाही आलास?"

"मध्ये कुणी यायचं नसतं ना. मी आलो असतो आणि त्यामुळे ती…" त्याने वाक्य सोडून दिलं. "थोडा वेळ उभा राहिलो. मग सोसेना. बूट हातात घेतले आणि बाहेर गेलो."

"बूट हातात घेऊन."

"आवाज नको म्हणून." तो तिच्याकडे पाहत नव्हता. "ठकूचं मी काही घेतलेलं नाही. शब्द दिला होता तुला."

"हो. माझं घेतलंस."

पडद्यावरची आई एक पाय वर धरून हुकमाची वाट पाहत होती. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"एक विचारू?" तो म्हणाला. "रागावू नकोस. त्या दिवशी… काही कळलं का तुला? आलं का कुणी?"

दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले की तो असाच बघायचा. मान पुढे, ओठ किंचित उघडे. तिच्या ओठांवर 'नाही' आलं होतं. ते तिने गिळलं.

"आली होती," ती म्हणाली. "उंबरठ्यापर्यंत."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलू लागले. ठकूला पोहोचवून आला तेव्हाही तो असा रडला नव्हता. ती आपल्या जागेवरून उठली नाही, गार चहाचा कप हातात धरून बसली.

तो हळूहळू शांत झाला. बाहीने नाक पुसलं. मग पडद्याकडे पाहत राहिला, आणि बोलला तेव्हा त्याचा आवाज कामाचा झाला होता.

"हेच हवंय इथे. दिसायला काही नको. पावलं येतात आणि थांबतात. बस." त्याने दार उघडून मित्राला हाक मारली. "अरे, पावलं लागतील. दारापर्यंत येणारी."

आवाजवाला घास चावतच आला. "लहान मुलाची ना? आहेत माझ्याकडे साठवलेली."

"ती नकोत," ती म्हणाली. "यालाच चालायला सांगा. बूट काढून."

"याला? वहिनी, हा चालला की कपाटातल्या बश्या वाजतात."

"मनात आलं तर हळू चालतो तो."

आवाजवाल्याने स्वयंपाकघरात खुर्चीच्या पाठीशी माइक लावला. कुठल्या अंतरावरून ऐकू यायला हवं हे ठरवायला तिलाच खुर्चीत बसवलं, दाराकडे पाठ करून. पंखा बंद केला. सासूबाईंना गप्प बसायला सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आता माझ्याच घरात मी श्वासही घ्यायचा नाही, म्हणा," आणि तोंडाला पदर लावून कोपऱ्यात बसल्या.

बोळाच्या टोकाकडून पावलं निघाली. हलकी, जपून टाकलेली. उंबरठ्यापर्यंत आली आणि थांबली. कुणीतरी श्वास धरला.

"अशीच होती?" मागून नवऱ्याने हळूच विचारलं.

ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"अशीच."

"बोललास ना मध्ये!" आवाजवाला करवादला. "गेलं वाया. जा मागे, पुन्हा घेऊ."

नवरा परत बोळाच्या टोकाला गेला. आवाजवाल्याने हात वर केला. हात खाली यायच्या आत ती उठली, खुर्ची उचलून दाराकडे वळवली आणि बसली.