खेकडीचं डावं चाक

मित्रांनो, मी एक जुनी शर्यतीची गाडी आहे. माझी चारही चाकं अंगाबाहेर फाकलेली, त्यांच्यावर पत्र्याचं छप्पर नाही. म्हणून सगळे मला खेकडी म्हणतात. मला त्याचा राग येत नाही, कारण ज्या दादानं मला घडवलं त्यानंच हे नाव ठेवलं.

दादानं मला त्याच्या बहिणीसाठी बांधलं. तिला सगळे ताई म्हणत. मी अंगानं हलकी, वळणावर चटकन वळणारी. आणि मुख्य म्हणजे, बसल्या जागेवरून तिला माझी पुढची चाकं दिसायची. रबर जरा वेगळं दिसलं, की ती लगेच वेग आवरायची. "खेकडी मला सगळं तोंडावर सांगते," असं ती कौतुकानं म्हणायची.

पण उघड्या चाकांना एक भय असतं. शेजारच्या गाडीचं चाक चाकाला भिडलं, तर गाडी हवेत उडते. एकदा तसंच झालं. ताईचा खांदा मोडला आणि माझी चौकट वाकली.

मग दादानं दुसरी गाडी बांधली, चाकं पत्र्याखाली झाकलेली. ती माझ्याहून जड होती, पण सरळ रस्त्यावर वारा तिच्या अंगावरून घसरून जायचा. कुणाचा धक्का लागला तरी नुसता पोचा पडायचा. ताईनं नाक मुरडून तिला पेटी म्हटलं. दादा म्हणाला, असू दे पेटी, तुला सांभाळेल तरी.

मला शेडमध्ये लोखंडी स्टँडवर चढवलं. इंजिन काढून नेलं, चाकं अधांतरी राहिली. ताई पेटी घेऊन सरावाला गेली, की दादा माझ्याशेजारी चहा प्यायचा आणि कप माझ्या डाव्या चाकावर ठेवायचा. आमचं नातं तेवढंच उरलं होतं.

एका दुपारी तो कप खाली पडून फुटला. माझं चाक फिरत होतं. दार बंद होतं. बाहेर पेटीचा आवाज चढला की चाक जोरात फिरे, उतरला की मंदावे. खरं सांगते मित्रांनो, मी ते फिरवत नव्हते. मलाही भीती वाटली.

ताईची छोटी तिथेच खेळत होती. "मामा, ही पण आईबरोबर जातेय," ती म्हणाली.

वारा असेल, असं म्हणून दादानं तुकडे गोळा केले. पण नंतर त्यानं कप कधी माझ्यावर ठेवला नाही.

मोठी शर्यत जवळ आली. ताईला आणखी वेग हवा होता, म्हणून दादानं पेटी जमिनीलगत अजून खाली बसवली. ती सरावाला गेली आणि माझी चाकं फिरू लागली. या वेळी मात्र डावं चाक लंगडत होतं. मग जळक्या रबराचा वास आला. दादानं चाकाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. ते तव्यासारखं तापलं होतं.

तो धावत बाहेर गेला आणि झेंडा हलवून त्यानं ताईला परत बोलावलं. ती चिडूनच उतरली.

"दादा, आत्ता कुठे गाडीवर हात बसला होता. काय झालं काय?"

दादानं पेटीच्या डाव्या चाकावरचा पत्रा काढला. वळणावर गाडी झुकली की तो पत्रा चाकाला घासत होता. रबर सोलवटून आतले धागे दिसत होते. आणखी एखाद्या वळणावर ते फुटलंच असतं.

ताईनं त्या धाग्यांवरून बोट फिरवलं. शेडमधूनही तसाच जळक्या रबराचा वास येत होता. मग आत येऊन तिनं माझ्या चाकावर तळहात ठेवला. ते अजून कोमट होतं.

"हिनं सांगितलं ना तुला?" तिनं विचारलं. दादानं मान डोलावली.

आता पेटी बाहेर पडण्याआधी पत्रे काढून चाकं तपासतात. पण काल वेगळंच घडलं. पेटी माझ्याशेजारी थंडगार उभी होती, ताई घरात होती. तरी माझं डावं चाक हळूच फिरलं, अडखळलं, पुन्हा फिरलं. दाराच्या फटीतून मी पाहिलं, तर अंगणात छोटी नव्या सायकलवर तोल सावरत होती.

मित्रांनो, सायकलवर बसण्याआधी वाकून चाकाकडे एकदा बघत जा. आणि माझ्यासारख्या जुन्या गाडीच्या आसाला आठवणीनं थेंबभर तेल घाला. तुम्ही बाहेर पडलात, की घरात कुणाचं तरी चाक तुमच्याबरोबर फिरत असतं.