मी, कापसात लपवलेला लॅपटॉप

मी एक लॅपटॉप बोलतोय. आधीच माफी मागतो. मला हात नाहीत. माझं म्हणणं वहीत उतरवून घेणाऱ्या बादलने आठवीत शाळा सोडली आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच असतील. पण घडलं ते सगळं लिहायचं त्यानं कबूल केलं आहे, आणि त्याच्यासाठी ते सोपं नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. समज आली तेव्हा मी नागपूरच्या एका ऑफिसात होतो. पाच वर्षं तिथे राबलो. मग नवे लॅपटॉप आले आणि मी कपाटात गेलो. कपाटातून दारव्ह्याच्या अय्याजभाईच्या दुकानात. त्यानं माझं बिजागर बसवलं, किबोर्डवरची धूळ झटकली आणि मला दारव्ह्याजवळच्या एका तांड्यावर पाठवलं. तिथे धावजींची मुलगी वर्षा माझी मालकीण झाली. ती यवतमाळला कॉलेजात शिकते. बादल तिचा मोठा भाऊ.

बादल फार लाजाळू. जीपमध्ये पाय कोणी चेंगरला तरी बोलणार नाही. वर्षा सुट्टीवर घरी आली की तो मला लांबूनच बघायचा. घरात कोणी नसलं की मात्र मांडीवर घ्यायचा आणि एका बोटानं एकेक अक्षर शोधायचा. पायाचा आवाज आला की झटकन झाकण बंद.

माझ्या डाव्या अंगाला एक बारीक भोक आहे. चार्जरची पिन तिथे जाते. त्याला पोर्ट म्हणतात. मला जेवण मिळतं ते तिथूनच.

मार्च महिना होता. बैठकीत कापसाचा ढीग खिडकीच्या वर गेला होता. भाव चढेपर्यंत इकडे घराघरात कापूस असाच ठेवतात आणि माणसं उरलेल्या जागेत झोपतात. धावजी स्वतः बिडी ओढायला अंगणात जायचे. पाहुण्यालासुद्धा त्या खोलीत काडी ओढू द्यायचे नाहीत.

त्या दिवशी धावजी आणि वर्षा बाजाराला गेले होते. हंसाबाई, म्हणजे बादलची आई, शेजारी गेली होती. बादल मला घेऊन बसला. बाजूला ताकाचा गिलास होता, मीठ-जिरं घातलेलं ताक. कोपर लागलं आणि अख्खा गिलास माझ्या डाव्या अंगावर आला.

मी थरथरलो आणि विझलो.

बादलने मला उलटं केलं, टॉवेलने पुसलं. मग अय्याजभाईला फोन लावला.

"अय्याजभाई, लॅपटॉपवर थोडंसं पाणी सांडलं जी."

"पाणीच ना? चहा, सरबत, असं काही नाही ना?"

बादलने रिकाम्या गिलासाकडे बघितलं.

"अरे बोल ना बे. तोंडात तंबाखूचा खर्रा हाय का?"

"पाणीच हाय."

"मंग दोन दिवस हवेत उलटा ठेव. चार्जर बिलकुल लाऊ नको. मिठाचं, साखरेचं काही असतं तर म्हटलं असतं, आत्ताच घेऊन ये. पाणी उडून जाते भाई, मीठ आतच बसते. मीठ बसलं आन् करंट आला, का खेल खतम."

बादलने फोन ठेवला. खरं सांगायला आणखी एक फोन पुरला असता. तो त्यानं केला नाही.

दोन दिवस त्याच्याकडे नव्हतेच, कारण वर्षा चार वाजता येणार होती. त्यानं काडीला कापूस गुंडाळून माझा पोर्ट पुसला, फुंकर मारली आणि चार्जर लावून बघितला. दिवा लागला नाही. पोर्ट मेला असं त्याला वाटलं. तेवढ्यात अंगणात आईची चाहूल लागली. कापूस ओल ओढून घेतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. शिवाय त्या ढिगात काहीही लपतं. त्यानं मला वायरसकट ढिगात खोल खुपसलं आणि वरून कापूस सारखा केला.

हंसाबाई आत आली. डोक्यावरचा पदर काढून तिनं वारा घेतला.

"लाइन गेलीच हाय का रे अजून?"

तेव्हा बादलला कळलं. पोर्ट मेला नव्हता, घरात वीजच नव्हती. आणि बोर्डावरचं बटण चालूच होतं.

"हो याडी," तो म्हणाला. याडी म्हणजे आई.

हंसाबाई ढिगाला पाठ लावून तिथेच आडवी झाली. माझ्यात आणि तिच्यात हातभर कापूस असेल. बटण तिच्या उशाशी. ते बंद करायला वाकला असता, तर ती विचारणार होती कायले. त्या एका प्रश्नाला भिऊन तो उंबऱ्यावर जाऊन बसला आणि छताच्या पंख्याकडे बघू लागला. पंखा हलेपर्यंत भीती नव्हती.

आत मी अंधारात पडलो होतो. ताकाचं पाणी कापसानं खरंच ओढलं होतं. मीठ पोर्टच्या दातांत राहिलं होतं.

पंख्याचं एक पातं हललं. मग दुसरं.

"आली बाई लाइन," हंसाबाई डोळे मिटून म्हणाली.

माझ्या पोर्टमध्ये आधी चरचरलं. मग तापायला लागलं. मी ओरडू शकत नाही. कापूस जळताना आवाज करत नाही. तो आधी पिवळा होतो, मग तपकिरी, आणि आतल्या आत चालत जातो.

"काही जळून राह्यलं का रे?" हंसाबाईनं विचारलं.

"बाहेर कोणीतरी कचरा पेटवला असन," बादल म्हणाला.

त्या दिवसातलं हे त्याचं दुसरं खोटं. ते लिहिताना आत्ता त्याचा हात थांबला होता. मी वाट पाहिली.

मग त्याला आईच्या केसांमागून धुराचा एक बारीक धागा वर जाताना दिसला.

"याडी, ऊठ! ऊठ!"

तांड्यात त्याचा एवढा मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता. त्यानं आईला ओढून दारात आणलं, बटण बंद केलं, वायर धरून मला बाहेर खेचलं. सगळा तांडा धावून आला. कवेकवेनं कापूस अंगणात आला, पाणी पडलं, काळा झालेला भाग फेकला गेला.

धावजी आणि वर्षा परतले तेव्हा बादलने ताकापासून सगळं सांगितलं. वर्षाचे डोळे भरले होते, तरी ती म्हणाली, "टायपिंग शिकून राह्यलता? मले काहून नाही सांगितलं दादा? मी काय खाल्लं असतं तुले?"

धावजी रागावले नाहीत. सगळं निवल्यावर ते हळूच म्हणाले, "उद्या सकाळीच जिनिंगवर गाडी नेतो. कोणाले सांगू नोको. जळका कापूस म्हणतीन, कोणी घेणार नाही."

बादलने मान हलवली, नेहमीसारखी.

माझं विचाराल, तर मी आता अय्याजभाईच्या फळीवर आहे. पोर्ट वितळला, बॅटरी फुगली म्हणून काढून टाकली. बादल कधीमधी येऊन समोर बसतो, तेव्हा मी बोलतो आणि तो लिहितो. पुन्हा चालू होईन असं वाटत नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: माझ्यासारख्यावर काही सांडलं, तर काय सांडलं ते खरं सांगा. लाज वाटली तरी सांगा. आम्हाला सांगता येत नाही.

आता फक्त दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची उरली.

तांड्यातल्या राजकुमारच्या पिकअपमध्ये कापूस भरला होता. धावजी पुढे, बादल मागे कापसावर, मी त्याच्या पाठीवरच्या पिशवीत. दुकानात जायचं होतं ना मला. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकात गाड्यांची रांग होती. आत घराएवढे ढीग, आणि त्यांच्या सावलीत कामाला आलेल्या बाया डबे उघडून बसलेल्या.

फाटकावरच्या माणसानं विचारलं, "कापूस ओला तर नाही ना जी?"

"एकदम कोरडा," धावजी म्हणाले.

"घ्या मंग आत."

गाडी सुरू झाली. बादलने खाली उडी मारली आणि गाडीसमोर उभा राहिला. पिशवीतून मला त्याची धडधडणारी पाठ लागत होती.

"ह्या कापसाले काल आग लागलती," तो म्हणाला. "माह्या हातून. आत नका घेऊ."

धावजींनी मान खाली घातली. फाटकावरच्या माणसानं गाडी रस्त्यापलीकडच्या मोकळ्या रानात लावायला लावली. बादल एकटाच वर चढला आणि दोन्ही हातांनी कापूस काढून खाली टाकू लागला. एक कव, दुसरी, तिसरी. सगळा थंड होता. राजकुमार खालून म्हणाला, "पाह्य, काही नाही. उगाच बोंबललास."

बादल आणखी खाली वाकला. खांद्यापर्यंत हात आत घातला आणि तसाच थांबला.

आत ऊब होती.