कोरडं चालते, ओलं नाही

मरीनं पडलेली धाकटी सून अजून बोलत होती, तेव्हाच मनकर्णाबाईनं मनातल्या मनात नफ्याची बाजू जुळवून ठेवली होती. विहिणीला बोलावलं तर घरातल्या कुणाला घाणीत हात घालावा लागणार नाही, हा पहिला फायदा. बोलावणं विहीण म्हणून धाडायचं नाही, सरकारी दवाखान्याची बाई म्हणून धाडायचं. म्हणजे अकोल्याच्या माळीपुऱ्यात वर नाव होईल की किसनरावाच्या घरी दुखण्याला सरकारी माणूस येतं. शिवाय परकी बाई करील त्याच्या दुप्पट ही करणार, कारण पोर तिचीच. सून वाचली तर वाचली, हा फायदा शेवटी धरला होता. पण धरला होता, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. बाई दुष्ट नव्हती. आधी व्यवहार पाहायची, एवढंच.

मैनाबाईचा, म्हणजे त्या विहिणीचा, फायदा एकच होता. लेक डोळ्यांना दिसणार होती.

मैनाबाई अमरावतीची, माळ्याचीच. नवरा होता तोवर वांगी, मेथी, गेंदाची फुलं यांवर घर चाललं. तो गेला आणि मळ्याच्या मालकानं मळ्यात कापूस पेरला. त्याचं तरी काय चुकलं? त्या साली अंजनगावापासून पातुरापर्यंत ज्याच्याजवळ हातभर काळी जमीन होती त्यानं कापूसच पेरला. विलायतेला कापूस हवा होता, इथे बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या आणि ज्वारी मात्र महागली. शेंब्या काही शिजवून खाता येत नाहीत. मग मैनाबाईनं सरकारी दवाखान्यात बायका करतात ते काम धरलं.

काम काय, तर कूस बदलायची, मळ काढायचा, जखम धुवायची, कुणी मेलंच तर हातपाय सरळ करायचे. गावाला यातलं पहिलं काही दिसलं नाही. गावाला एवढंच दिसलं की बाई रोज परक्या अंगाला हात लावते. विहिरीवर एकीनं विचारलंच,

"काहून वो मैना, बाप्या मानसाईचंही आंग पुसते म्हनतात तू?"

"पुसते नं. मागल्या महिन्यात तुह्या मामेसासऱ्याचं पुसलं. त्यालेच इचार, बरं पुसलं का नाही."

विहिरीवर हसू पिकलं, आणि त्या हसण्याची किंमत लागली. मामेसासरा जातीत बोलला. पंचांनी मैनाबाईच्या हातचं पाणी बंद केलं. लेक जमुना आधीच अकोल्यात किसनरावाच्या घरी दिलेली होती. किसनरावानं सून ठेवली, कारण सून कामाची होती, आणि विहीण तोडली, कारण विहिणीचं काही काम नव्हतं.

आता ते निघालं.

कापसाच्या गाड्या अकोल्याच्या बाजारात लागल्या की तेल्हाऱ्याकडचे, पातुराकडचे गाडीवान बैलांसकट तिथेच मुक्काम करत; तेच पाणी प्यायला, तेच धुवायला. उन्हं तापली आणि मरी आली. अमरावतीहून डॉक्टरला धाडलं, त्यानं मैनाबाईला सोबत घेतलं. बाजाराबाहेर मांडव घालून गाडीवान निजवले. आल्या आल्या माणूस विचारायचा, "बाई, तुमी कोन्या जातीच्या?" उलट्या-जुलाबांनी अंग सुकलं की डावीउजवीकडे पाहायचा, आपल्या गावचं कुणी नाही अशी खात्री करायचा आणि तिच्या हातचा पेला तोंडाला लावायचा. बरा झाला की ओळख दाखवायचा नाही. मैनाबाईला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. मांडवात गाव पाहत नसतं.

घरात पाहतं.

जमुनाला सकाळी लागण झाली. तिचा नवरा सहदेव कापसाच्या गाड्या घेऊन आगगाडीचे रूळ जिथवर आले होते तिथवर गेला होता, त्याला निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं. किसनराव सासरा, सुनेच्या खोलीत पाय ठेवणार नाही. मनकर्णाबाईच्या कडेवर जमुनाचा भगवंत, दोन वर्षांचा, अजून आईच्या अंगावर पिणारा; त्याला घेऊन आत जायचं नाही. राहिली मोठी सून दुर्गाबाई. तिची स्वतःची दोन लेकरं होती.

मैनाबाई दारात आली तेव्हा ओसरीवर नत्थुजी बसले होते. जातीचे पंच. किसनरावानं मुद्दाम बोलावले होते, म्हणजे पुढे तक्रार नको.

"धुवो, पुसो, हातपाय दाबो," नत्थुजी म्हणाले. "आंगाले हात लागला तं आंग न्हाऊन निघते. पन पोटात गेलेलं न्हानार कसं? तवा कोरडं चालते, ओलं नाही."

"अन् दवाई?" किसनरावानं विचारलं.

"गोळी कोरडी असते नं? चालते."

"गोळी गियाले पानी लागन नं जी," मैनाबाई अंगणातून म्हणाली.

"ते दुर्गाबाई पाजन."

"अन् ते नसली, म्या पाजलं तं?"

"तं माय-लेकी एका पंगतीच्या. पोरगंही तुमचंच. थानावर हाये नं ते अजून?" नत्थुजी हे रागानं बोलले नाहीत. बी-बियाणाची माहिती द्यावी तसं बोलले. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं.

जमुना बाजेवर होती. डोळे खोल गेले होते, बोटांची कातडी पाण्यात भिजल्यासारखी.

"आली का तू?"

"आली."

"कोन म्हनून आली?"

"दवाखान्याची बाई म्हनून."

जमुनाच्या ओठांवर हसू आलंसं वाटलं. "मंग हे फडकं बदल. लय घान झाली."

मैनाबाईनं बदललं. मांडवात शंभरदा केलेलं काम, पण या अंगाला तिनं फक्त लहानपणी न्हाऊमाखू घातलं होतं. पोटऱ्यांत गोळे येत होते, ते चोळले. वीट गरम करून पायाशी दिली. कोरडी गोळी जिभेवर ठेवली. मग दुर्गाबाईला हाक मारली.

दुर्गाबाई आली, वरून पाण्याची धार तोंडात सोडली, नेम धरून, बाजेला न शिवता. मग न्हाणीत गेली. खोलीतून बाहेर आलं की डोक्यावरून पाणी घ्यायचं, हाही नत्थुजींचाच शब्द. म्हणजे जमुनाच्या एका घोटाला दुर्गाबाईचं एक न्हाणं. जमुनाची तहान काही न्हाणं पाहून लागत नव्हती.

"वहिनी, पानी," जमुना म्हणायची.

"आत्ताच न्हाली वो मी! केस वाळू दे की."

मैनाबाईला एक गोष्ट सुचली. ती दारात येऊन म्हणाली, "किसनरावजी, टरबूज आना. फयाले कोनाचा इटाय नाही, शिवाशीव नाही. आपुन माळी, साऱ्या जगाले फयं इकली, कोनं इचारलं होतं काय हात कोनाचा?"

किसनरावाला ते पटलं. माळ्याच्या घरात टरबूज नव्हतं, कारण सगळा मळा कापसाखाली गेला होता. विकत आणायला लागलं. सासरा स्वतः भर उन्हात गेला, दोन्ही हातांत टरबूज धरून आला. सहा महिन्यांपूर्वी हाच माणूस बाजारात टरबूज विकणाऱ्यांकडे पाहत नसे. मैनाबाईनं विळा घेतला आणि नत्थुजी खाकरले.

"अख्खं फय कोनाच्याही हातचं चालते, मैनाबाई. कापलं का त्याचं पानी सुटलं. ते मंग ओलं."

"आता न कापता कसं खाईन ते?"

"ते मले नोका इचारू. म्या टरबूज केलं काय?"

ओसरीवर कुणीतरी हसलं. विळा दुर्गाबाईकडे गेला. तिनं कापलं, दोन फोडी जमुनाच्या तोंडात पिळल्या. पोटात टिकल्या. जमुनानं डोळे उघडले, "गोड हाये," म्हणाली. मैनाबाईनं नाडी पाहिली; मांडवात पाहून पाहून तिला एवढं कळत होतं की अशी नाडी घोट-घोट पाण्यानं धरून ठेवता येते. उरलेल्या फोडी ताटात ठेवून दुर्गाबाई न्हायला गेली.

न्हाऊन बाहेर येते तोच शेजारच्या घरात रडणं उठलं. सकाळी धडधाकट असलेला तिथला म्हातारा दुपारी गेला होता. किसनरावानं गाडी जुंपून दिली. "तुह्ये पोरं घेऊन मळ्यात जाय," तो मोठ्या सुनेला म्हणाला. दुर्गाबाईनं नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, पण तिच्याही पदराला दोन होती. जाताना तिनं तांब्या भरला, जमुनाच्या उशाशी ठेवला, वर पेला पालथा घातला. फोडींवर माशा बसल्या होत्या. तिनं फोडी उकिरड्यावर टाकल्या.

"तुह्या हातानं घेजो वो जमुना. म्या भरला हाये."

गाडी गेली. आता घरात पाणी होतं, तहान होती, आणि दोघींच्या मध्ये हात नव्हता.

मैनाबाई माजघराच्या दाराशी गेली. "इहीनबाई, लेकरू किसनरावजीपाशी द्या. एक घोट पाजून जा. मी पाया पडते."

मनकर्णाबाई उठली. खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आली. आत वास होता. बाजेवर जी होती ती सकाळची सून राहिली नव्हती. भगवंतनं आईला ओळखून हात पुढे केले आणि मनकर्णाबाई दोन पावलं मागे गेली.

"माह्या आंगाले लागलं तं पोराले लागन. मी नाही येत. मले भेव लागते वो."

हे खरं होतं.

मैनाबाई परत आली. पेला उचलून सरळ केला. "जमे, कोनी नाही पाहून राहिलं. पी."

जमुनानं ओठ मिटले.

"कोनी नाही इथं. मी कोनाले सांगनार हाये का?"

"ते बाहेर बसले हायेत. इचारतीन."

"खोटं सांगू."

"पोराच्या डोक्यावर हात ठेवून इचारतीन, माय." तिला दम लागला. "तुह्या हातचं पेली अन् वाचली, तं कुठी जाऊ?"

"माह्यासंगं. अमरावतीले."

"अन् भगवंत?"

भगवंत नातू होता खरा, पण दवाखान्याच्या बाईच्या घरचा होऊन त्याला कुणी पोरगी दिली नसती, कुणी मर्तिकाला खांदा दिला नसता. हे मैनाबाईला जमुनापेक्षा जास्त ठाऊक होतं. ती ते रोज भोगत होती.

"मले बसव," जमुना म्हणाली. "माह्या हातानं घेते मी."

मैनाबाईनं पाठीमागून तिला उचलून छातीशी धरलं. अंग चालत होतं, तांब्या चालत नव्हता. म्हणून दोन्ही हात लेकीच्या अंगाभोवतीच ठेवले. जमुनानं तांब्याला हात घातला. बोटं वळली होती, उघडत नव्हती. तिनं मनगटांच्या मध्ये तांब्या धरला. उचलला. हनुवटीपर्यंत आणला. तेवढ्यात हाताला गोळा आला आणि तांब्या निसटला. मैनाबाईचा हात आपोआप पुढे गेला.

"शिवू नको!" जमुना ओरडली. त्या दिवसातला तिचा तो सगळ्यात मोठा आवाज.

मैनाबाईनं हात मागे घेतला. तांब्या जमिनीवर पडला. सारवलेल्या भुईनं पाणी पिऊन टाकलं, वास तेवढा सुटला.

नंतर मैनाबाईनं तांब्यात उरलेल्या थेंबांनी पदराचं टोक ओलं करून तिच्या ओठांना लावायचा प्रयत्न केला. जमुनानं तोंड भिंतीकडे फिरवलं. उन्हं कलली तसा श्वास आखूड झाला, आणि गाई परतण्याच्या आत थांबला. मैनाबाईचे हात तिच्या पाठीशीच होते. हंबरडा फोडला तर आई ठरेल आणि ओसरीवर पंच बसलेत, म्हणून ती दारात येऊन एवढंच म्हणाली,

"झालं."

मग मनकर्णाबाईनं भगवंतला किसनरावाकडे दिलं, आत आली, तुळशीच्या पानानं सुनेच्या तोंडात पाणी घातलं आणि मोठ्यानं रडली. रडणं खोटं नव्हतं. पाणी ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं, ते मैनाबाईनं पुसलं. पुसायला तिला मनाई नव्हती. अंग धुवायलाही नव्हती. बाजेच्या मागे उभं राहून तिनं ते सगळं केलं आणि अंगणाच्या टोकाला थांबून लेक जाताना पाहिली.

सांजेला मांडवातून माणूस आला. गाडीवान बरेच आले होते, डॉक्टर बाईची वाट पाहत होता.

आता कोणाला हे केवढ्याला पडलं ते पाहू. नत्थुजींचं काही गेलं नाही. त्यांचा शब्द राहिला, आणि पुढे चार गावांत त्यांचा दाखला दिला गेला. किसनरावाची पंगत राहिली. दुर्गाबाईला त्या न्हाण्यांनी पडसं झालं, ते उतरलं. सहदेव आला तेव्हा कापसाला चांगला भाव मिळवून आला होता. बायको गेल्याचं त्याला वेशीवरच कळलं, वर्षभरात त्याची दुसरी सोयरीक झाली. मनकर्णाबाईला कामाची सून गेल्याचा घाटा आला. भगवंतला जात मिळाली, अख्खी, बिनडागी. तिची किंमत त्याच्या आईनं आधीच भरून ठेवली होती. आणि मैनाबाईला, लेकीचं सुतक पाळायला कुणी घर दिलं नाही म्हणून, त्याच रात्रीपासून मांडवात दुसऱ्यांची अंगं पुसावी लागली.