हत्ती द्यायचा होता
त्र्याहत्तरच्या एप्रिलमध्ये उस्मानाबादला जिल्ह्याच्या बुद्धिबळ स्पर्धा झाल्या. पहिल्या येणाऱ्याला एका सहकारी सूतगिरणीत कारकुनाची जागा मिळणार होती. जळकोटची तारामती शेवटच्या डावापर्यंत अर्ध्या गुणानं पुढं होती. मॅट्रिक झालेली ही पोरगी वर्षभर दुष्काळी कामावर खडी फोडत होती. तिचे वडील तात्याराव पोलीस लायनीत पाणी भरता भरता हा खेळ शिकले होते आणि त्यांनीच तिला शिकवलं होतं.

डावाआधी ते म्हणाले, "आज उधळू नको, पोरी. बरोबरी झाली तरी जागा आपलीच."

"व्हय, आबा."

समोर उमरग्याचा विरुपाक्ष मास्तर होता. त्याला जिंकणं भागच होतं. त्यानं लहान बाजूला किल्लेकोट करून, म्हणजे राजा हत्तीच्या आड कोपऱ्याकडं नेऊन, त्याच्यापुढं उंट बसवला. तारामतीनं आपला राजा दुसऱ्या बाजूला नेला आणि कडेचं प्यादं पुढं रेटलं. थोड्याच वेळात तिनं तो राखणदार उंट मारामारीत काढला, कडेच्या प्याद्याच्या बदल्यात त्याचं प्यादंही घेतलं. तिच्या हत्तीसमोरची पट्टी मोकळी झाली, तेवढ्यात विरुपाक्षानं मधे घोडा आणून घातला.

तिला वाट दिसली. हत्तीनं घोडा मारायचा. हत्ती जाईल, पण त्याच्या राजापुढची प्यादी फुटतील आणि आपला वजीर आत शिरेल. पुढची मात मात्र शेवटपर्यंत दिसेना. तिचा हात उचलला गेला आणि तसाच मागं आला.

"बरोबरी घेता, सर?"

विरुपाक्षानं मान हलवली. "नाही."

तिनं राजा एक घर कोपऱ्याकडं सरकवला. एवढी एकच चाल वाया गेली. विरुपाक्षानं ताडकन आपला हत्ती देऊन तिच्या राजाजवळचा घोडा मारला. मग त्याचा वजीर आला, दुसरा हत्ती आला. तिथून आठव्या चालीला तारामतीवर मात झाली.

हात मिळवताना तो हळूच म्हणाला, "हत्ती दिला असतास, तर मी संपलो होतो."

दाराशी आबा उभे होते. "कुठं चुकलं गं?"

"दिसलंच न्हाय, आबा."

सोमवारी ती पुन्हा कामावर गेली.

चार-पाच दिवसांनी संध्याकाळी परतली, तर आबांनी उंबऱ्याशी पट मांडला होता. तिनं कागदावर लिहून आणलेल्या चाली ते एकेक करून लावत होते. घोडा आडवा आला तिथं ते थांबले. बराच वेळ पटाकडं पाहत राहिले, मग त्यांनी हत्ती उचलून घोड्यावर ठेवला.

"हे तुला दिसलं व्हतं."

तारामती हातपाय धुवायला वळली.

"माझ्यामुळं केलं न्हाईस, व्हय ना?"

"आबा, जेवून घ्या."

ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सोंगट्या शाळेला देऊन टाकल्या. त्या साली जूनमध्ये सूतगिरणीतल्या त्या जागेवर विरुपाक्षानं आपल्याऐवजी धाकट्या भावाला लावलं. मास्तराला स्वतःला नोकरी होतीच.